पाकासारखी तार

सकाळी प्रयोगशाळेत न्यूमोनिया झालेल्या एका बाईच्या थुंकीतून बशीवर वाढवलेले जंतू सळईच्या टोकाने उचलले, तर रव्याच्या लाडवाच्या पाकासारखी लांब तार निघाली. तळपायाची आग मस्तकात गेली. हा चिकटपणा म्हणजे त्यांचं चिलखत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला धावतात आणि या थरावरून घसरतात. कधीकाळी थोड्याच जंतूंवर असा जाड थर असणार. बाकीचे मारले गेले, हे वाचले, आणि आता सगळीकडे यांचीच पिलावळ.

एवढ्यात त्याच पेशंटचा दीर खिडकीशी आला. रिपोर्ट मागता मागता म्हणाला, "वहिनीत प्रतिकारशक्तीच नाही हो. काढा दिला की तोंड वाकडं करते."

जिच्या फुप्फुसात आठवडाभर झुंज चाललीय, तिलाच बोल! म्हणजे आजारी पडणं हासुद्धा बाईचाच दोष!

मी त्याला आत बोलावलं, तिच्या थुंकीची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि डोळा लावायला सांगितलं.

"बारीक दिसतायत ते जंतू. आणि हा सगळा खच आहे ना, त्या तुमच्या वहिनींच्या पेशी. लढून मेलेल्या."

"एवढ्या?" तो पुटपुटला.

"नीट बघा," मी म्हटलं, "आणि मग सांगा, तिच्यात काय नाही ते."