घोंगडी मेंबरांचा कट्टा

आमच्या वॉर्डाचे मेंबर जागा मेंढरांत मोजत. नगरपालिकेचा ओव्हरशियर टेप पसरून, कमरेत वाकून लांबी-रुंदी काढत असे आणि हे बाजूला उभे राहून, डोळे बारीक करून म्हणत, "चाळीस मेंढरं बसतील. दाटीनं पन्नास." ओव्हरशियर बिचारा मुकाट्यानं फुटांत लिहून घेई. मेंबरांचं घराणं माणदेशातलं, म्हसवडच्या बाजूचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेलं. वडलांनी आमच्या गावात येऊन घोंगड्यांचं दुकान टाकलं आणि हे त्या दुकानातच लहानाचे मोठे झाले. स्वतः कधी एक कोकरू राखलं नाही, पण हिशेब रक्तातून आला होता, त्याला कोण काय करणार? गाव त्यांना पाठीमागं घोंगडी मेंबर म्हणायचं आणि तोंडावर अण्णा.

हा हिशेब एकदा चांगलाच अंगाशी आला. आमच्या आळीत एका मुलीचं लग्न निघालं आणि बापानं रस्त्यावर मांडव घालायची परवानगी मागितली. अण्णांनी नजर टाकली. म्हणाले, "दोनशे मेंढरं आरामात बसतील. निम्म्या रस्त्यावर घाला मांडव, निम्मा गाड्यांना ठेवा." झालं. लग्नाच्या दिवशी पंगत बसली आणि निम्मं वऱ्हाड मांडवाबाहेर. नवऱ्याकडची माणसं फुरंगटून उरलेल्या निम्म्या रस्त्यावर पत्रावळी मांडून बसली आणि दोन्ही अंगाला बैलगाड्यांची रांग लागली. मी तेव्हा नुकताच लष्करातून सुटून आलो होतो आणि गाडीच्या चाकाला टेकून मी ते लग्नाचं जेवण जेवलो आहे. मुलीचा बाप तावातावानं अण्णांकडं गेला. अण्णांनी मांडवाला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "चूक माजी हाय. मेंढरू मेंढराला चिकटून बसतंय. मानूस चिकटत न्हाई. त्यात इहीनबाई तर मुळीच न्हाई." मग स्वतः रस्त्यात उभे राहून दिवस मावळेपर्यंत गाड्या मागच्या बोळातून फिरवत राहिले. त्या दिवसापासून माणसांचं काम असलं की मेंढरं निम्मी धरायचे.

घोंगडी मेंबर हे नाव नुसतं दुकानामुळं पडलं नव्हतं. कुणाला सोडावॉटरची गाडी लावायची असो, कुणाला गिरणीपुढं पायरी बांधायची असो, कुणाला तमाशाचा तंबू ठोकायचा असो. बाकीचे मेंबर घरी चहा पिता पिता सही करून मोकळे होत. अण्णांचं तसं नव्हतं. ते खांद्यावर घोंगडी टाकून निघत आणि मागितलेल्या जागेवर ती अंथरून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसून राहत. भाकरीसुद्धा तिथंच मागवत. लोक हसायचे. अण्णा म्हणत, "सकाळची जागा येगळी आन् दुपारची येगळी. बाईमानसागत तिला दिसभर कामं असत्यात. ती बघाय नगं व्हय?"

सोडावॉटरवाल्याला त्यांनी असंच नाही म्हटलं. तो म्हणाला, "आवं अण्णा, रिकामी तर जागा हाय." अण्णा म्हणाले, "आडावरनं येताना बाया हितं घागर टेकवून दम खात्यात. तू सोडा कुटंबी इकशील. त्यांनी घागर कुटं टेकवायची?" सोडावाल्यानं चार-आठ दिवस शिव्याशाप दिले आणि मग मारुतीच्या देवळामागं गाडी लावून चांगला धंदा केला. पण अण्णांचं बरोबर होतं असं तो काही शेवटपर्यंत म्हणाला नाही. गावात असं कोण म्हणतं?

आता माझं सांगतो. मी लष्करात शिंपी होतो. गणवेश उसवायचे, आवळायचे, बटणं लावायची, हीच माझी लढाई. सुटून आलो तेव्हा साठवलेल्या पगारातून एक शिलाई मशीन घेतलं आणि घरी आणून ठेवलं, तर घर बोळातलं. भर दुपारी सुईत दोरा ओवायला चिमणी लावावी लागे आणि रॉकेल रेशनवर. महिन्याचं रॉकेल आठवड्यात संपायचं आणि मग बायको चुलीच्या उजेडात स्वैपाक करायची, मी मशीनपुढं हात बांधून बसायचो. कामाला तोटा नव्हता. आमच्या भागातली घरटी एक-दोन पोरं लढाईवरून परत येत होती, येताना खाकी कपडे आणत होती, आणि कापड मिळत नसल्यामुळं त्या खाकी पाटलोणींतून लहान पोरांच्या चड्ड्या शिवून घ्यायला लोक माझ्या दारात उभे. पण शिवू कुठं? उजेड मिळाला नसता तर मशीन विकून मला उसाच्या मळ्यावर मजुरीला जावं लागलं असतं. हे मी वाढवून सांगत नाही.

म्हणून मोटारी थांबतात तिथल्या कडुनिंबाखालची जागा मी नगरपालिकेकडं मागितली. सांगलीच्या मोटारी तिथंच चहाला थांबत. उजेड भरपूर, माणसांची ये-जा, यापेक्षा चांगलं काय पाहिजे? अण्णा दुसऱ्याच दिवशी घोंगडी घेऊन हजर. मला म्हणाले, "मिलिटरी, तूबी बस." बसलो. लष्करात बसायची सवय असते, पण ती हुकुमानं. इथं हा माणूस ना बोलत होता ना हलत होता. बाजाराचा दिवस होता. दुपारी गाड्या वळायला लागल्या, एका गाडीचे बैल बुजून मागं सरकले आणि गाडीचं चाक आमच्या घोंगडीच्या काठावरून गेलं. अण्णा शांतपणे उठले, घोंगडी झटकली आणि म्हणाले, "हितं न्हाई."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "एक दिवसाचा बाजार, अण्णा. बाकीचे सहा दिवस तर जागा मोकळी हाय."

"मशीन फुटाय एकच दिस लागतो गड्या."

मी त्यांना नाही नाही ते बोललो. वशिल्याशिवाय या गावात सुईसुद्धा टोचता येत नाही, असंही बोललो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झालं बोलून? चल, दुसरी जागा बघू." मग त्यांनी मला साऱ्या पेठेतून फिरवलं. एका ठिकाणी ऊन थेट तोंडावर, एका ठिकाणी गटार, एका ठिकाणी पलीकडच्या लोहाराचा धूर. हिंडून हिंडून शेवटी पाणी प्यायला आम्ही त्यांच्याच दुकानापुढच्या दगडी कट्ट्यावर टेकलो. काकू, म्हणजे अण्णांच्या घरच्या, तिथं सुपात जोंधळे निवडत बसल्या होत्या. त्यांनी तांब्या पुढं केला आणि सहज बोलल्या, "दिस कलला तरी मी हितंच निवडाय बसते. हितल्या उजेडाला डोळं दुखत न्हाईत."

अण्णा पाणी प्यायचे थांबले. कट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी बघितलं. काकूंनी त्यांची ती नजर ओळखली आणि सूप बाजूला ठेवलं. "जळ्ळी माजी जीभ. आवं, आपला कट्टा हाय ह्यो."

"आपला कसला? रस्त्यात हाय."

खरं होतं ते. अण्णांच्या वडलांनी कट्टा बांधला तो दुकानाची हद्द सोडून रस्त्यावर. पेठेतल्या प्रत्येक दुकानाला असा कट्टा होता आणि सगळे तसेच पुढं आलेले. सगळ्यांना ठाऊक आणि सगळे गप्प. काकू म्हणाल्या, "साऱ्या गावाला जागा वाटतासा आन् घरच्या मानसानं जोंधळं कुटं निवडायचं?" अण्णांनी उरलेलं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. काकू मात्र मी घरी पोहोचेपर्यंत बोलत असणार, कारण बोळाच्या तोंडापर्यंत त्यांचा आवाज येत होता.

पुढच्या सभेला मी मुद्दाम जाऊन मागच्या बाकावर बसलो. अध्यक्ष वकील होते, सभ्य माणूस. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "माज्या दुकानाम्होरच्या कट्ट्यावर माजी हरकत हाय. त्यो रस्त्यात हाय. म्युन्शिपाल्टीनं ताब्यात घ्यावा आन् शिलाईकामाला परवाना द्यावा."

अध्यक्ष म्हणाले, "अण्णा, स्वतःवरच हरकत घेताय?"

"मग कोन घेनार? तुमी घेतली असती तर मी भांडलो असतो."

सगळे हसले. हसता हसताच ठराव झाला आणि मला परवाना मिळाला.

मी बाहेर आल्यावर त्यांना म्हणालो, "अण्णा, एवढं कशाला केलंत? नुसतं बस म्हणाला असता तर मी बसलो असतो." ते म्हणाले, "आज मी बस म्हनीन. उद्या माजा ल्योक ऊठ म्हनंल. म्युन्शिपाल्टीनं बसीवलेला मानूस उटत न्हाई." त्यांचा थोरला मुलगा दुकान बघायचा आणि त्याचं तोंड तेव्हा आठ दिवस वाकडंच होतं, त्यामुळं मला ते लगेच पटलं. मशीन कट्ट्यावर आलं. पहिल्या दिवशी मी सूर्य मावळेपर्यंत शिवत बसलो आणि एकदाही डोळे चोळले नाहीत. घरी बायकोनं त्या रात्री चिमणी लावून स्वैपाक केला. त्या चिमणीच्या उजेडात तिचा चेहरा किती दिवसांनी नीट दिसला मला.

पण पेठेचं पित्त खवळलं. अण्णांनी आपला कट्टा सोडला म्हणजे उद्या आमचाही जाणार, ही धास्ती प्रत्येक दुकानदाराला. अण्णांनी दुसऱ्या कुणाच्या कट्ट्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "कुनाला जागा लागली की बगू." या उत्तरानं तर लोक जास्तच घाबरले. निवडणूक आली. ज्या दुकानदारांनी आधी त्यांच्या नावानं गुलाल उधळला होता, त्यांनी गुपचूप दुसरा माणूस उभा केला आणि अण्णा पडले. आपटलेच म्हणा ना. ज्या पेठेच्या मतांवर ते निवडून येत, ती सगळी फिरली.

निकालाच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेलो. माझ्या एका मशीनपायी या माणसाची मेंबरकी गेली होती. अण्णा गादीवर बसून घोंगड्यांच्या घड्या घालत होते. मी नुसता उभा राहिलो. त्यांनीच विचारलं, "तुजी जागा हाय न्हवं?"

"हाय."

"मग झालं तर. त्वांड पाडून हुबा राहू नगंस. च्या पी."

मला त्या वेळी रडू आलं आणि ते मी चहात बुडवलं.

मेंबरकी गेली, पण अण्णांचं एक सुरू झालं. रोज सकाळी दुकान उघडलं की ते कट्ट्यापाशी येत, उभे राहत आणि मला विचारत, "बसू का रं?" मी बसा म्हणालो की मगच बसत. सुरुवातीला मला संकोच वाटायचा, मग राग यायला लागला. रस्त्यानं जाणारे ऐकायचे, गालात हसायचे. एक दिवस गिऱ्हाइकासमोर विचारलं तेव्हा मी मशीन थांबवलं आणि म्हणालो, "अण्णा, कट्टा तुमच्या बापानं बांधलाय. मला काय इचारताय रोज?"

अण्णा म्हणाले, "बापाचा व्हता तवा इचारत नव्हतो. आता गावाचा हाय."

आणि उभेच राहिले. मी म्हणालो, "बसा." मग बसले. त्यानंतर मी कधी तक्रार केली नाही. ते शेजारी बसून दिवसभर रस्ता बघायचे, कुणाच्या हातगाडीनं वाट अडवली की इथूनच हाक मारायचे, आणि नव्या मेंबरापेक्षा लोक त्यांचंच ऐकायचे. कपडे शिवायला आलेली माणसं आधी त्यांच्याशी बोलत आणि मग माझ्याकडं माप देत. पावसाळ्यात त्यांनी स्वतःच्या पैशानं वर पत्रा टाकून दिला आणि त्यासाठीही रीतसर अर्ज केला. नव्या मेंबरानं जागा न बघताच सही केली, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

अण्णा गेले ते चार दिवसांच्या तापानं. माणूस अंथरुणाला खिळून कुणाला भारी झाला नाही. मी मशीनवर कापड टाकून ठेवलं होतं. पेठेतल्या दुकानदारांनीही दुकानं बंद ठेवली, खांदाही दिला. मी त्यांच्यावर फार दिवस डूख धरून होतो, पण त्या दिवशी तो गेला.

दिवसपाणी उरकल्यावर मी पुन्हा कट्ट्यावर बसायला लागलो. शेजारची जागा रिकामी. तिथं कापडाच्या चिंध्यासुद्धा मी टाकत नसे. काकू दुकानाच्या आतूनच बघायच्या, बाहेर येत नसत. या कट्ट्यावरून त्यांनी मला काय काय ऐकवलं होतं ते माझं मला ठाऊक. मला वाटलं, त्यांना आता माझं तोंडही बघायचं नसेल. मग एका सकाळी त्या जोंधळ्याचं सूप घेऊन बाहेर आल्या. कट्ट्यापाशी थांबल्या. पदर सारखा केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बसू का रं, मिलिटरी?"