खालचा धैवत

मुलुंडला संगीतशिक्षकांचा कोर्स करत होते तेव्हा स्वरलेखनाच्या तासाला आम्हाला पेटीकडे पाठ करून बसवत. बोटं दिसली की कान आळशी होतात, असं सर म्हणायचे. ते एक ओळ वाजवत, आम्ही आधी नुसती ऐकायची आणि मग तिचे स्वर लिहायचे. मला हा तास मनापासून आवडायचा. घाटकोपरच्या आमच्या इमारतीत कुणाचा मिक्सर कुठल्या सुरात ओरडतो हेही मी न विचारता सांगायचे आणि लोकांना वैताग आणायचे.

दुसऱ्या वर्षी माझे मार्क घसरायला लागले. एकदा तास संपल्यावर सरांनी थांबवून घेतलं आणि माझे पेपर समोर ठेवले. एखादा स्वर लांबवायचा असला की त्याच्यापुढे आडवी रेघ मारतात. माझ्या पेपरांत नको तिथे रेघा होत्या. सरांनी ‘ग रे सा’ वाजवून सा-च्याही खालचा धैवत घेतला होता. मी तिथे सा लांबवून ठेवला होता.

“सगळ्या रेघा खालच्या स्वरांवरच आहेत बघ,” सर म्हणाले. “ते तुला ऐकूच येत नाहीत ना?”

“सर, तुम्ही पेटीचा भाता फार हळू मारता,” मी म्हटलं.

आईला मला कळतंय तेव्हापासून कमी ऐकू येतं. यंत्र आणून दिलं, तर ते कानात शिट्ट्या मारतं म्हणून तिने कपाटात टाकलं. समोरचा काहीही बोलो, ती मान डोलावणार आणि म्हणणार, “होय गो, बरोबर.” कोळणीने भाव वाढवला तरी बरोबर. आम्ही भावंडं तिच्या या ‘बरोबर’वर पोट धरून हसायचो. कानाच्या डॉक्टरांनी मला विचारलं, “घरात कुणाला हा त्रास आहे?” तेव्हा आई शेजारीच बसून मान डोलावत होती. हे आईकडूनच आलंय आणि वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणाले. मला तिचा राग आला. तिचा काय दोष, हे कळत असूनही आला. परतताना रिक्षात मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही. रिक्षात तिला तसंही काही ऐकू येत नाही, त्यामुळे माझा अबोला फुकट गेला.

पण शाळेत गाणं शिकवायचं, याशिवाय मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. मग मी डोकं चालवलं. रागांचे नियम पाठ होते. भूप असेल तर सा-च्या खाली धैवतच येणार, निषाद त्या रागात नाहीच. जे ऐकू येत नव्हतं ते मी असं अंदाजाने भरायला लागले. पेपर पुन्हा झकास जायला लागले.

“राग कसा असायला हवा ते तू लिहितेस,” सर एकदा म्हणाले. “पोरं काय नियम बघून चुकतात का गं?”

शेवटी एका शाळेत सातवीच्या वर्गावर पाठ घ्यायचा होता. तो पास झाला की मी शिक्षिका. सर कागद-पेन घेऊन मागच्या बाकावर बसले होते. मी भूपाची ओळ शिकवली आणि पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीला एकटीला गायला उभं केलं. ग, रे, सा सुरेख लागले. मग तिचा आवाज खाली उतरला आणि मला नुसते तिचे ओठ हलताना दिसले. भूप होता, म्हणजे धैवतच. वर्गात कुजबुज झाली. मुलगी ओशाळली. माझ्याकडे बघून हळूच काहीतरी बोलली.

मी मान डोलावली आणि म्हटलं, “हो गं, बरोबर.”

तिने निषाद लावला होता, आणि “बाई, चुकलं, परत गाऊ का?” असं ती विचारत होती. हे मला सरांनी नंतर जिन्यात सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की सरांनी पेनला टोपण लावलं आणि सगळा वर्ग पोट धरून हसतोय. आम्ही घरी हसायचो तसाच.