एका अर्जात एकच विषय

भिण्यासारख्या जेवढ्या गोष्टी या जगात आहेत, त्या सगळ्यांना माझे साडभाऊ, म्हणजे साडू, निदान एकेकदा भिऊन चुकले आहेत, आणि काहींना तर त्या घडण्याच्या बऱ्याच आधी. गोंडपिपरीकडून आमच्याकडे ऊर्जानगरला यायचं ठरलं की आदल्या दिवशी त्यांचा फोन येतो, "तुमच्याकडच्या चिमण्या सरळ उभ्या हायेत ना?" वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या क्वार्टरपासून चांगल्या लांब आहेत, पण एखादी पडायचीच झाली तर ती आपण आल्यावरच पडेल याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते. एसटीत ते संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीजवळच बसतात. ती वेळेवर उघडेल की नाही हे तपासताना एकदा ती खरोखरच उघडली, तेव्हा कंडक्टरने पुढचा सगळा रस्ता ती त्यांनाच धरून बसायला लावलं. अक्षता नवरदेवाच्या डोळ्यात जातात म्हणून माझ्या लग्नात त्यांनी त्या टाकल्याच नाहीत. मुठीत सांभाळून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिल्या. मी ती पुडी काय करू म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ठेवा जपून, कामी येते."

तहसील कचेरीसमोर त्यांचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा असले अर्ज भरून भरून त्यांची अशी खात्री झाली आहे की पलीकडे कुठेतरी एक कारकून आपला अर्ज रद्द करायला टपून बसलेला असतो. त्यांच्या बायकोचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, गावात बचत गट आहे. आम्ही सगळे तिला बाई म्हणतो. गटाचा माल घरबसल्या मागवता यावा म्हणून भाऊंनी मोबाईलवर फॉर्म बनवला, तो अर्थातच त्या कारकुनाच्या धास्तीने बनवला. तांदळाचा फॉर्म वेगळा, तुरीच्या डाळीचा वेगळा, जवसाचा वेगळा, तलावातल्या सुकवलेल्या मासोळ्यांचा वेगळा, अगदी शेवटी मोहफुलांचाही वेगळा. प्रत्येकात गिऱ्हाइकाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि खाली 'सदर डाळ मी स्वखुशीने मागवीत आहे' असं प्रतिज्ञापत्र. सगळ्या वस्तू एकाच फॉर्मात का नाहीत, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "एका अर्जात एकच विषय, साडभाऊ. दोन विषय लिवले का दोन्ही रद्द!" आमच्या शेजारणीला तांदूळ, डाळ आणि जवस हवं होतं. तांदळाचा फॉर्म तिने नेटाने भरला. डाळीच्या फॉर्मने पुन्हा वडिलांचं नाव विचारलं तेव्हा तिने मोबाईल बाजूला ठेवला, पिशवी उचलली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेली.

हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण चैत जवळ येत होता. चैतात मोह गळतो. त्यांचं गाव जंगलाला लागून, त्यामुळे उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन निघतात आणि झाडाखाली वाकून फुलं वेचतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. मागच्या चैतात शेजारच्या गावची एक बाई अशीच वेचायला गेली आणि तिची टोपली तेवढी घरी आली. तेव्हापासून भाऊंच्या बाकीच्या सगळ्या भित्या किरकोळ झाल्या होत्या. बाई मात्र कशालाच न भिणारी. "वाघ का मलेच पाहून राह्यला बसून?" एवढं म्हणून ती विषय संपवायची. शेवटी भाऊंनी तिच्या इतक्या विनवण्या केल्या की ती कबूल झाली: घरचा तांदूळ, डाळ, जवस, मासोळ्या चैताआधी खपल्या, तर यंदा ती मोहाला जाणार नाही.

एका रविवारी ते फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, "आधी वडिलांचं नाव काढा."

"अन् एकाच नावाचे दोन मानसं निंगाले तं?"

"दोघांनाही तांदूळ पाठवा. प्रतिज्ञापत्र काढा."

"अन् मंग तो म्हनन, मी डाळ मांगलीच नाई!"

जन्मतारखेपाशी आम्ही पाऊण तास अडकलो. माझा स्वभाव तापट, मी शेवटी ओरडलोच, "भाऊ, गिऱ्हाईक अर्ध्यातून पळून राह्यलं तुमच्या या भेवापायी! माल घरी पडला का बाई जंगलात जाणार. तुम्हीच धाडून राह्यले तिले!" त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझंच बोलणं बोचलं. मग त्यांनी मोबाईल ओढून घेतला आणि एकेक रकाना स्वतःच पुसला. आता एकच पान उरलं. सगळ्या वस्तू एकाखाली एक, प्रत्येकीपुढे किती किलो ते लिहायला चौकोन, नाव, पत्ता आणि फोन शेवटी एकदाच. 'पाठवा' हे बटण ठेवताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

ऑर्डरी यायला लागल्या. पहिल्याच दिवशी घाबराघुबरा फोन, "एकाच मानसानं चार चार वस्तू मांगल्या! फसवनूक तं नाई ना?" होळीच्या आतच तांदूळ संपला, डाळ संपली, जवस-मासोळ्याही संपल्या. पण पानावर अगदी खाली गटातल्या बायांच्या आग्रहाखातर मोहफुलांचीही एक ओळ होती. पूर्वी मोहाच्या फॉर्मपर्यंत कुणी पोचतच नसे. आता तांदळाला आलेलं गिऱ्हाईक जाता जाता तिथेही एक किलो लिहून मोकळं होऊ लागलं. मागच्या सालचा मोह हातोहात गेला, नव्याची मागणी पडून राहिली, आणि बाईने माळ्यावरून टोपली काढली. "लोकं मांगून राह्यले तं द्या लागन ना!"

मीच तो फॉर्म सोपा करवला होता. मी फोन केला, "भाऊ, मोहाची ओळ काढून टाका. एका बोटाचं काम आहे."

"बोट ठेवलं होतं मी तिच्यावर," ते म्हणाले. "पन गटातल्या बाकीच्या बायाइच्या घरी ना तांदूळ ना डाळ. त्याइच्यापाशी मोहच हाय. ओळ काहाडली तरी त्या जंगलात जातीनच. माही एकटी घरी राहीन, अन् मी वरून पाहत बसू? नाई जमत मले."

तेव्हापासून चैतभर ते दुकान उशिरा उघडतात. पहाटे बायांबरोबर जातात. वेचत नाहीत; त्यांच्याकडे पाठ आणि जंगलाकडे तोंड करून हातात काठी घेऊन उभे राहतात आणि वाघाला माणसाची चाहूल लागावी म्हणून मोठमोठ्याने बोलत राहतात. बोलणार काय? दुसरं काही पाठ नाही, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याला लागणारी कागदपत्रं ओरडून सांगतात: रेशनकार्डाची झेरॉक्स! दोन फोटो! तलाठ्याचा अहवाल! बाई हे माझ्या बायकोला सांगताना हसून हसून बेजार झाली, आणि मग म्हणाली, "भेव तं लयच वाटते वं त्याइले. पन मान नाई वळवत."

चैतात आता मलाही लवकर जाग येते. चहा समोर निवत असतो आणि मी फोनकडे बघत बसतो. ऊन खिडकीत आलं की तो वाजतो. मागे बायांचा गलका, आणि भाऊंचा बसलेला आवाज, "आलो आमी सगळे. तुमी भेऊ नोका."

मी बरं म्हणतो, फोन ठेवतो, आणि चहाचा पहिला घोट घेताना लक्षात येतं की उद्या पुन्हा जायचंय त्यांना.