सर उठले की पास

सायकल दुरुस्तीच्या दुकानाशेजारून एक अरुंद जिना वर जायचा आणि वर गेलं की एक लांबट खोली लागायची. भिंतीला टेकवलेली टेबलं, त्यांवर वयस्कर कॉम्प्युटर, आणि खिडकीशी एक लाकडी खुर्ची. ती खुर्ची खोडीसरांची.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. सरांना ते माहीत होतं आणि ते त्यावर रागावत नसत. नाव अंगाला बरोबर बसलं होतं. प्रोग्रॅम लिहायला शिकवण्याची त्यांची तऱ्हाच तशी होती. मुलानं प्रोग्रॅम लिहून पुरा केला की सर आपली खुर्ची फरफटत त्याच्या टेबलाशी आणायचे, बसायचे आणि जाहीर करायचे, "आता मी चष्मा घरी विसरलेला म्हातारा." मग वय विचारलं की ते नाव टाकत, नाव विचारलं की काहीच न लिहिता बटण दाबत. कधी ते घाईत असलेली बाई होत, कधी कुणावर तरी डोकं फिरलेला माणूस. एकदा तर ते मांजर झाले आणि तळहात कीबोर्डवरून फिरवून गेले. मुलं हसून लोटपोट व्हायची आणि प्रोग्रॅम कोलमडायचा.

"हसताय काय? माणसं अशीच असतात," सर म्हणायचे. "तुम्ही विचारता एक, ती सांगतात भलतंच. म्हणून उत्तर आलं की ते आधी तपासायचं. चुकीचं असेल तर नम्रपणे पुन्हा विचारायचं. पुन्हा चुकलं, पुन्हा विचारायचं. बरोबर येईपर्यंत सोडायचं नाही. याला लूप म्हणतात. कंटाळायचा हक्क माणसाला आहे, लूपला नाही."

त्या वर्गात गुण नव्हते. सरांनी सगळ्या खोड्या काढून पाहिल्या आणि प्रोग्रॅम टिकला, की ते काही न बोलता खुर्चीवरून उठायचे. सर उठले की पास. ते उठले की अख्ख्या खोलीतून टाळ्या पडत आणि खालचा सायकलवाला छताकडे बघून म्हणे, "सुटला एकदाचा कोणीतरी."

हे सगळं खोली भरलेली असतानाचं. पुढे लोक फोनवरच शिकायला लागले. टेबलांवर कापडं पडली. खोली सरांच्या थोरल्या भावाची होती. भाऊ गेल्यावर ती पुतण्याकडे आली. पुतण्या वाईट नव्हता. त्याला तिथे फोन दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं, आणि तो थांबला होता एवढंच. "काका, आता आहेत ते शिकून जाऊ द्या, मग आवरू," असं तो म्हणाला, आणि सरांनी मान हलवली.

आहेत ते एकेक करून शिकून गेले. शेवटी मावशी उरल्या.

मावशी म्हणजे वर्गातल्या पोरांनी दिलेलं नातं. त्या सरांहून बऱ्याच लहान, पण पोरं म्हणत म्हणून सरही म्हणू लागले. "सर, तुम्ही मला मावशी म्हणता, मग मी तुम्हाला भाचा म्हणू का?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. सर त्यावर इतके हसले की त्यांना खोकला आला. त्यांना हसवणारं माणूस त्या दिवसांत दुसरं नव्हतं. घरी भिंती होत्या. दूर राहणारा मुलगा रविवारी फोन करायचा, जेवलात का, औषध घेतलं का, बरं आहे ना, असं ओळीनं विचारायचा. सरांनी एकदा मुद्दाम "नाही" असं उत्तर दिलं. "छान, छान," मुलगा म्हणाला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला.

मावशींनी आयुष्यभर कपड्यांच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवल्या होत्या. कारखाना बंद पडला. मालवाहतूक करणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर मदतीला माणूस हवं होतं. तिथे काम करणाऱ्या जुन्या मैत्रिणीनं त्यांना सांगितलं की परीक्षेला समोर बसवून एक छोटा प्रोग्रॅम लिहायला लावतात. नव्या ड्रायव्हरचं नाव विचारायचं, वय विचारायचं. वय एकवीस ते साठ यांत बसत नसेल तर पुन्हा विचारायचं. परीक्षा तीन आठवड्यांनी, सोमवारी होती. एवढ्या वयाच्या बाईला कोणी पुन्हा बोलावेल अशातला भाग नव्हता.

मावशींचा पहिला प्रोग्रॅम सरांनी चुटकीसरशी पाडला. त्यांनी वय पाच टाकलं. प्रोग्रॅमनं ते चुकीचं म्हणून पुन्हा विचारलं. सरांनी पुन्हा पाच टाकलं. या वेळी प्रोग्रॅमनं निमूटपणे ते घेतलं.

"एकदा हटकलंत आणि दुसऱ्यांदा सोडून दिलंत," सर म्हणाले.

"घरी पोरीच्या बाबतीत पण माझं असंच होतं," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला त्यांनी लूप घातला, पण लूपच्या आत पुन्हा विचारायचंच विसरल्या. सरांनी चुकीचं वय टाकलं मात्र, पडद्यावर "चुकीचं वय, चुकीचं वय" असं धो धो वाहू लागलं, एकावर एक, थांबायचं नाव नाही. मावशी घाबरून उभ्या राहिल्या. सर बराच वेळ त्या वाहत्या ओळींकडे बघत राहिले.

"हा नुसताच चूक-चूक म्हणतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "समोरच्याला पुन्हा बोलायची संधीच देत नाहीये."

मग मावशींनी तेही दुरुस्त केलं. आकड्याच्या जागी अक्षरं आली तर काय, नुसतंच बटण दाबलं तर काय, हेही नीट घातलं. सरांनी म्हातारा होऊन पाहिलं, घाईतली बाई होऊन पाहिलं, मांजर होऊन पाहिलं. प्रोग्रॅम एका जागी पाय रोवून उभा होता. दर वेळी तोच प्रश्न, त्याच आवाजात.

सरांना कळलं की हा झाला. त्यांनी खुर्चीच्या हातांवर पंजे टेकवले. खोलीत टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. झाकलेली टेबलं ओळीनं उभी होती, आणि आपण उठलो की आपल्यालाही त्या ओळीत कापडाखाली जायचं आहे, असं काहीतरी त्यांच्या मनातून गेलं. पंजे सैल पडले.

"संदेश जरा उद्धट वाटतो," ते म्हणाले. "बदला. उद्या बघू."

मावशींनी संदेश बदलला. दुसऱ्या दिवशी तो फारच मवाळ झाला होता. त्यानंतर नाव फार लांब असेल तर काय, हा प्रश्न निघाला. मग वयाच्या आकड्यामागे चुकून मोकळी जागा पडली तर. ते सगळं मावशी लिहीत गेल्या. सर रोज नवा माणूस होऊन येत. असा विसराळू, तसा संशयी. एक दिवस तर ते कानानं कमी ऐकणारे झाले, ज्याचा कीबोर्डशी काडीचा संबंध नव्हता. दुपार त्यात निघून जायची. खाली सायकलच्या चाकांचा आवाज, वर दोन माणसांचं बोलणं. घरी जाताना सरांची पावलं जड नसत. पण जिन्याच्या वळणावर त्यांना स्वतःची शरम वाटे, आणि ते तिथे कठडा धरून थोडे थांबत.

"माझी पोरगी काय म्हणते माहितीये?" मावशी एकदा म्हणाल्या. "म्हणते, आई, तुझे सर तुला पास करणार आहेत की पाळणार आहेत?"

सर हसले. हसू नेहमीसारखं खोकल्यापर्यंत गेलं नाही.

परीक्षेआधीच्या आठवड्याच्या अखेरीस पुतण्या वर आला. कंबरेवर हात ठेवून त्यानं खोली नजरेनं मापली, मग मावशींच्या मागे उभा राहिला. "बघू तरी," म्हणत त्यानं वाकून वयाच्या जागी काहीबाही अक्षरं टाकली. प्रोग्रॅमनं पुन्हा विचारलं. त्यानं शंभर टाकले. पुन्हा विचारलं. पंचेचाळीस टाकले, नोंद झाली.

"चाललंय की झकास! काका, आता काय बाकी आहे?"

"बाकी आहे थोडं," सर खिडकीकडे बघत म्हणाले.

पुतण्यानं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा मावशींकडे, आणि तो खाली गेला.

मावशी वायरी नीट करत होत्या. "सर, मी सोमवारी जात नाहीये," त्या साध्या आवाजात म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही जात. कारखान्यात तपासनिसानं हो म्हटल्याशिवाय मी कॉलर पुढे सरकवली नाही कधी. एवढ्या वर्षांत एक परत आली नाही. इथे तुम्ही उठत नाही म्हणजे कुठेतरी उसवलेलं आहे. मला दिसत नाहीये, तुम्हाला दिसतंय. तिथे जाऊन चारचौघांत हसं करून घेण्यापेक्षा नकोच ते."

"अहो, पण नोकरी..."

"शिवणाची छोटी कामं मिळतात की गल्लीत. डोळे चालतील तोवर चालतील." त्या पिशवी उचलून निघाल्या. "उद्या येते. उद्या कोण होणार आहात ते ठरवून ठेवा."

सर त्या संध्याकाळी जिन्याच्या वळणावर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. सायकलवाल्यानं विचारलं, "सर, काही हरवलं का?" सरांनी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मावशी त्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. सरांनी खुर्ची ओढत आणली.

"आज कोण?" मावशींनी विचारलं. आवाजात दमणूक होती.

"आज कोणी नाही. आज मीच."

प्रोग्रॅमनं नाव विचारलं. सरांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश. प्रोग्रॅमनं वय विचारलं. सरांनी सदुसष्ट लिहून बटण दाबलं.

*वय एकवीस ते साठ असावं. कृपया पुन्हा टाका.*

दोघं पडद्याकडे बघत राहिली. मग मावशींचा हात एकदम कीबोर्डकडे धावला. "अय्या, सर! थांबा, मी बदलते ते."

"हात लावू नका. बरोबर आहे ते."

"पण तुम्ही खरं वय टाकलंत ना?"

"खरं टाकलं. खरं आहे आणि चालत नाही. कंपनीनं साठ म्हटलं तर साठ. यात तुमची चूक नाही आणि माझीही नाही." त्यांनी पुन्हा सदुसष्ट टाकलं. प्रोग्रॅमनं पुन्हा तितक्याच मायेनं विचारलं. प्रश्नापुढे ती छोटी रेघ लुकलुकत होती, उत्तराची वाट बघत.

आणि तेव्हा सरांच्या लक्षात आलं की इतक्या दिवसांच्या खोट्या खोड्यांनंतर आता एक खरीच खोट सापडली आहे. साठीपुढच्या माणसाला या फेऱ्यातून सुटायला जागाच नव्हती. खोटं वय सांगा, नाहीतर जन्मभर इथेच बसा. एवढी खोट त्यांना आणखी कितीतरी दुपारी पुरली असती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"सर," मावशी पुढे सरकून म्हणाल्या, "असा माणूस आला तर तो बाहेर कसा पडणार?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मावशींना दिसलं होतं.

"तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

"शून्य टाकलं की सोडून द्यायचं, असं केलं तर? आधीच लिहून ठेवते, जायचं असेल तर शून्य टाका."

"करा."

मावशी लिहायला लागल्या. बोटं कापडावर चालावीत तशी चालली होती, टाका न मोजता. त्यांना मध्ये एकदाही काही विचारावं लागलं नाही. सर शेजारी बसून होते, आणि मदत मागितली जाण्याची ते वाट बघत होते, हेही त्यांना स्वतःला दिसत होतं. खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

"झालं. टाका."

सरांनी नाव टाकलं. सदुसष्ट टाकलं. प्रोग्रॅमनं पुन्हा विचारलं, आणि खाली नवी ओळ आली. सरांचं बोट शून्यावर जाऊन थांबलं. मावशी श्वास धरून बसल्या होत्या. त्यांना वाटत होतं की परीक्षा त्यांची चालली आहे.

सरांनी शून्य दाबलं.

*आल्याबद्दल आभार. आता तुम्ही जाऊ शकता.*

सर उठले.

मावशींना आधी ते समजलंच नाही. मग त्या तोंडावर हात दाबून हसल्या, डोळे पुसले, आणि एकट्याच टाळ्या वाजवायला लागल्या. रिकाम्या खोलीत त्या टाळ्या फार मोठ्या वाटत होत्या. खालून सायकलवाल्याचा आवाज आला, "कोण सुटलं रे?"

"मी, दादा, मी!" मावशी खिडकीतून ओरडल्या.

मग निघायची गडबड झाली. पिशवी, छत्री, चष्म्याचं घर. "सोमवारी झालं की फोन करते," त्या म्हणाल्या. "खुर्ची जागेवर नेऊन ठेवू का?"

"राहू द्या. मी ठेवतो."

"बसा आता, सर. किती वेळ उभे राहिलात."

"बसतो. तुम्ही जा."

मावशी जिना उतरू लागल्या. पावलांचा आवाज वळणापर्यंत गेला आणि तिथे थांबला. सरांना वाटलं, काही विसरलं असेल, परत वर येतील. आणि आपण बसलेले दिसलो तर ही बाई पुन्हा शंका काढेल, पुन्हा पिशवी खाली ठेवेल. खुर्ची गुडघ्यांना मागून टेकलेली होती. सर दोन्ही हात मागे बांधून ताठ उभे राहिले, दाराकडे तोंड करून.

खाली बोलणं ऐकू आलं, हसणं ऐकू आलं, मग नुसता रस्ता. सर उभेच होते.