कॉम्प्युटरने लाल दाखवलेल्या तीन बायका

“...नाही सर, तिन्ही आमच्याच बिल्डिंगमधल्या आहेत. तिन्ही बायका. टायफॉइड. कॉम्प्युटरने लाल करून दाखवलंय. मला वाटतं खाण्यातून, नाहीतर—”

आणि दार बंद!

आता तुम्हीच सांगा, एवढं अर्धवट ऐकल्यावर कुणाच्या घशाखाली घास उतरेल?

मी काही कान लावून उभी नव्हते हं. जिन्यात कोथिंबीर निवडत बसले होते. जिन्यातच का, म्हणाल, तर तिथे वारा चांगला येतो. वाऱ्याबरोबर आणखी काय काय येतं, त्याला मी काय करू? पण त्या अर्ध्या वाक्यापायी मी जी माती खाल्ली, ती आज सांगतानासुद्धा तोंडावर पदर घ्यावासा वाटतो. सांगते. मध्ये हसायचं मात्र नाही.

मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायचे ते दिवस. आम्ही अंबरनाथला राहत होतो, यांच्या फॅक्टरीपासून रिक्षाच्या अंतरावर. दार बंद झालं ते दुसऱ्या मजल्यावरच्या कांबळेभाऊंचं, आणि फोनवर बोलत होती ती त्यांची प्रज्ञा. पोरगी हुशार. ठाण्याला आरोग्य खात्यात कॉम्प्युटरवर नोकरीला लागली होती. कुठल्या दवाखान्यात कुठल्या रोगाचा पेशंट आला, ते सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये जायचं. पूर्वी म्हणे कागद यायचे, कपाटात पडायचे आणि साथ येऊन गेल्यावर कोणीतरी ते उघडायचं. आता कॉम्प्युटर स्वतःच बघायचा. एकाच ठिकाणचे बरेच पेशंट दिसले की ती जागा लाल करायचा. हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं. मी तेव्हाच म्हटलं, अगबाई, म्हणजे हा तर माझ्यासारखाच की!

मी कोथिंबीर तशीच टाकून तिचं दार वाजवलं.

“प्रज्ञा, कोण गं त्या तिघी?”

तिचा चेहराच पडला. “काकू, पेशंटची नावं सांगायची नसतात.”

“नाव नको. मजला सांग.”

“काकू!”

“बरं, डावीकडच्या की उजवीकडच्या?”

ती माझ्याकडे जरा विचित्रच बघत होती. मग हळूच म्हणाली, “काकू, तुमची तब्येत कशी आहे आता?”

“मला काय धाड भरलीय?”

“आणि तुमच्याकडे कोणी पाहुण्या आल्यात का? माहेरच्या वगैरे?”

मी म्हटलं, बघा, कशी बेमालूम विषय बदलते! सरकारी नोकरी लागली की पोरं लगेच शिकतात.

मी घरी आले आणि विचार सुरू केला. खाण्यातून, असं ती म्हणाली होती. आमच्या बिल्डिंगमध्ये खाण्याचं काम कोण करतं? तळमजल्यावरच्या भारतीवहिनी. त्यांच्या मिस्टरांची कंपनी बंद पडली तेव्हापासून त्या डबे करायच्या. एमआयडीसीतली एकटी राहणारी पोरं त्यांच्या डब्यावर जेवायची. घर त्यावरच चालायचं. मुलीची फी त्यावर, सासूची औषधं त्यावर. बाई इतकी चांगली की मी पुरणाचा वाटा मागितला नाही तरी वर पाठवायची.

आणि मी काय केलं? समोरच्या किराणा दुकानात गेले.

दुकान लालवानीभाभींचं. मूळच्या उल्हासनगरच्या, गल्ल्यावर बसलेल्या असल्या तरी लक्ष रस्त्यावर. मी पावशेर रवा मागितला, इकडे तिकडे बघितलं आणि म्हटलं, “भाभी, किसी को बोलना नहीं.”

हे चार शब्द म्हणजे लालवानीभाभींसाठी सरकारी परवानाच!

“बोल ना, माधवी. मेरे पेट में तो बात पत्थर जैसी रहती है.”

“हमारे बिल्डिंग में टायफॉइड की तीन केस है. सरकारी कॉम्प्युटर में आया है. लाल रंग में! और वो बोलते हैं, खाने से हुआ.”

“खाने से?” भाभींनी रव्याचं माप तिथेच ठेवलं. “खाना तो तुम्हारे यहाँ एक ही बाई बनाती है.”

“मैंने नाम नहीं लिया हं!”

खरंच नाही घेतलं. आजही शपथेवर सांगते. नुसती मान हलवली. पण मान अशी हलवली की नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत तिनाचे सात झाले. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने मलाच सांगितलं, “मावशी, पाणी उकळून प्या, तुमच्या इथे तेरा पेशंट आहेत, दोघं सिरियस.” मी म्हटलं, “अगं बाई, हो का!” आणि खरंच पाणी उकळत ठेवलं. म्हणजे बघा, माझीच बातमी मोठी होऊन घरी आली आणि मी तिला ओळखलंच नाही!

सोसायटीच्या चेअरमननी टाकी धुवायला काढली. पहिल्या मजल्यावरच्या सुनेने मुलांना घेऊन बदलापूरला माहेर गाठलं. जिन्यात कोणी कोणाच्या हातचा चहा घेईना. जो तो दुसऱ्याच्या जिभेकडे बघायचा, पांढरी तर नाही ना पडली!

आणि तिसऱ्या दिवशी भारतीवहिनी माझ्याकडे आल्या. डोळे सुजलेले.

“माधवीताई, निम्म्या पोरांनी डबा बंद केला हो. म्हणतात, काही दिवस नको. का, ते सांगत नाहीत. मी रात्रीची भाजी सकाळी कधी दिली नाही. पाणी दोनदा गाळते. कोणी उठवलं असेल हे?”

मी त्यांना चहा दिला. पाठीवरून हात फिरवला. आणि म्हटलं, “कोण मेली असेल ती! जीभ झडो तिची!”

हसताय ना? हसा. मी तेव्हा वहिनींच्या कपात आणखी चहा ओतत होते. पण खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात मी म्हणत होते, कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल? असेल काहीतरी वहिनींच्या हाताला.

त्याच दुपारी आरोग्य खात्याची माणसं आली. एक साहेब, एक सिस्टर आणि त्यांच्यामागे खाली मान घातलेली प्रज्ञा. आधी वहिनींच्या स्वयंपाकघरात शिरले. डबे बघितले, पाणी बाटलीत घेतलं. सगळी बिल्डिंग दाराबाहेर. सर्वांत पुढे कोण, ते सांगायला नको.

सिस्टर बाहेर आल्या आणि चेअरमनना म्हणाल्या, “पेशंटच्या पत्त्यात नुसतं बिल्डिंगचं नाव आहे, खोली नंबर नाही. इथे कुसुम पाटील कोण?”

चेअरमननी माझ्याकडे बघितलं. साहजिकच आहे. मी पदर खोचून पुढे झाले.

“इथे कोणी कुसुम पाटील नाही! मला विचारा ना. या बिल्डिंगमध्ये कोणाकडे कुठल्या वारी काय भाजी होते तेसुद्धा मला माहीत आहे. पाटील म्हणून कोणी राहतच नाही इथे. चुकीच्या ठिकाणी आलात तुम्ही. उगाच गरीब बाईच्या स्वयंपाकघरात—”

माझ्यामागे आमचे हे उभे होते, सेकंड शिफ्टला जायच्या तयारीत. माणूस तसा कमी बोलतो. वर्षातून जे चार वेळा बोलायचं, त्यातलं एक त्यांनी तिथे खर्च केलं.

“अगं, कुसुम पाटील तूच ना?”

जिन्यातली सगळी तोंडं एकदम माझ्याकडे वळली.

आता काय सांगू! आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं. यांनी ‘माधवी’ लिहिलं आणि त्या दिवशी कुसुम पाटील माहेरी राहिली. मला कुसुम म्हणणारी आता एकच माणूस, माझी थोरली बहीण. ती उल्हासनगरला, कॅम्प पाचला राहते. मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले असताना मला ताप भरला, म्हणून ती मला तिच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. नाव सांगितलं तिनेच, माहेरचं; पत्ता मात्र इथला. डॉक्टरने रक्त घेतलं, रिपोर्ट दोन दिवसांनी न्या म्हणाला.

घरी आले तरी ताप उतरेना. मग नगरपालिकेच्या दवाखान्यात गेले. तिथेही रक्त घेतलं. मग हे ओरडले म्हणून फॅक्टरीच्या दवाखान्यात गेले. तिथेही घेतलं. फॅक्टरीच्या गोळ्यांनी ताप उतरला. आणि ताप उतरल्यावर रिपोर्ट आणायला कोण जातं हो? दुसऱ्या कोणाचा असता तर मी पहिल्या गाडीने आणला असता!

साहेबांनी कागद पुढे धरला. “आणि या सावंत मावशी?”

“ती... ती पण मीच. नगरपालिकेचा कंपाउंडर मला मावशीच म्हणतो. त्याने तसंच लिहिलं असेल.”

“आणि माधवी रमेश सावंत?”

“ती तर मीच की!” हे मात्र मी जरा ठसक्यात सांगितलं. एकीबद्दल तरी माझी काही चूक नव्हती.

साहेबांनी चष्मा काढला. “पण बाई, वयं? एक छत्तीस, एक पंचेचाळीस, एक पन्नास!”

आता हे कसं समजावू? पंचेचाळीस खरं, ते फॅक्टरीच्या कार्डावर आहे. पन्नास त्या कंपाउंडरने नुसतं तोंडाकडे बघून लिहिलं, मेल्याने! आणि छत्तीसचं असं झालं, की माझ्या बहिणीने तिच्या डॉक्टरला स्वतःचं वय चाळीस सांगून ठेवलेलं. ती माझ्यापेक्षा मोठी. मग मी छत्तीसच्या वर जाऊन तिला खोटं पाडू का?

हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. सांगावंच लागलं. चेअरमन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

“काकू,” प्रज्ञा कळवळून म्हणाली, “कॉम्प्युटर नाव, वय, पत्ता जुळवून बघतो. जुळलं तर एक पेशंट धरतो. तुमचं फक्त बिल्डिंगचं नाव जुळलं. त्याला काय कळणार? त्याला वाटलं, एका बिल्डिंगमध्ये तीन बायका. मला तुमचं नाव दिसलं होतं, पण मला वाटलं तुमच्या माहेरच्या कोणी आल्यात. म्हणून तर मी विचारलं ना तुम्हाला!”

“मग माझ्या अंगात टायफॉइड होता?”

“तिन्ही रिपोर्टांत आहे,” सिस्टर म्हणाल्या. “गोळ्यांचा कोर्स पुरा केलात?”

“ताप उतरला म्हणून...” मी जमिनीकडे बघत म्हटलं. सिस्टरनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, “बाहेर काय खाल्लं होतं?”

“मी बाहेरचं खात नाही.”

“कॅम्प पाचला पाणीपुरी,” आमचे हे म्हणाले. एकाच दिवसात दुसऱ्यांदा! “बहिणीबरोबर. वर बर्फाचा गोळा.”

म्हणजे बातमी अगदीच खोटी नव्हती. टायफॉइड होता, आमच्याच बिल्डिंगमध्ये होता, खाण्यातूनच होता. फक्त तेरा नव्हते, तीनही नव्हते. मी एकटी होते.

लोक हसत हसत घरात गेले. भारतीवहिनी तेवढ्या त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. त्या हसल्या नाहीत. लालवानीभाभींच्या दुकानात पहिल्यांदा कोण बोललं, ते त्यांना तोवर कळलं होतं. मला वाटलं, चार शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“ताई,” त्या शांतपणे म्हणाल्या, “मला माफी नको. माझी पोरं परत आणून द्या.”

मी तशीच चपला घालून निघाले. एमआयडीसीच्या बाजूला एका चाळीत ती पोरं एकत्र राहायची. सगळी कामावरून आलेली. एकजण स्टोव्हवर काहीतरी करपवत होता. मी दारातच सांगून टाकलं, “बाळांनो, वहिनींचा डबा चालू करा. त्यांच्या जेवणात काही नाही. टायफॉइड मला झाला होता. एकटीला.”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

“पण मावशी, तेरा जण होते ना?”

“तेरा नाही रे, मीच होते. तीन नावांनी.”

“तीन नावांनी?” एकजण हसला. “मावशी, काहीपण काय सांगताय!”

“अरे खरंच! आणि ती बातमीसुद्धा मीच—”

“बस करा मावशी, समजलं आम्हाला.” त्यांच्यातला थोरला, सोलापूरकडचा, उठून उभा राहिला. “बघितलं का रे? शेजारणीची चूल बंद पडू नये म्हणून या बाई स्वतःच्या अंगावर आजार घेतायत, बदनामी पण घेतायत. कोण करतं आजकाल एवढं? मावशी, बाकी आम्हाला माहीत नाही. पण तुमच्या शब्दावर उद्यापासून सगळ्यांचे डबे चालू.”

आणि तो चक्क माझ्या पाया पडला. त्याच्यामागून स्टोव्हवालासुद्धा आला, हातात कालथा घेऊन.

आता तिथे मी काय करायला हवं होतं? त्यांना खाली बसवून, लालवानीभाभींपासून सगळं पहिल्यापासून सांगायला हवं होतं. मला कळत होतं हो. तोंडसुद्धा उघडलं होतं.

पण मी त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “शेजारधर्म असतो रे, बाळा.”