हन्नाच्या गोष्टीतली बहीण

शुक्रवारी सकाळी दौंडला गाडी बदलून बारामतीला उतरलो. इंदापूरला माझी चुलत बहीण हन्ना राहते. तिचे यजमान कालव्यावर नोकरीला आहेत. तिला भेटायला जातो, असे घरी सांगितले होते. खरे कारण तिची गोष्ट. युरोपातल्या युद्धातून वाचून हिंदुस्थानात आलेल्या एका यहुदी बाईची ती गोष्ट दिवाळी अंकात आली आणि पुण्यात आम्हा बेने इस्राएल यहुद्यांत जो तो हन्नाचे नाव घेऊ लागला. त्याच विषयावर मी कित्येक वर्षे कादंबरी लिहितो आहे, तिची मात्र कोणी चौकशी करीत नाही.

काटेवाडीला एस.टी. तापून थांबली. दोहीकडे कालव्याच्या पाण्यावरचा ऊस. रस्त्याकाठच्या गुऱ्हाळातल्या आबांनी बोलावून भाकरीवर गरम काकवी (पातळ गूळ) घातली आणि पाहुणे कुठले, म्हणून विचारले. इंदापूरच्या हन्नाचा भाऊ, असे मी सांगितले.

"गोष्टवाल्या ताईंचं व्हय? मास्तरांनी वाचून दावली आमाला. बाया रडल्या की."

काकवीची चव गेली.

पुढे ऊस संपून ज्वारीची काळी राने लागली. इंदापूरला पोचलो तेव्हा हन्ना शाब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावत होती. भिजवलेल्या मनुकांचे शरबत, नारळाच्या रसातला भीमेचा मासा. पानावर एक गोरी बाई होती. रूथ, पोलंडची, इथल्या दवाखान्यात नर्स. म्हणजे हन्नाला गोष्ट आयती मिळाली होती तर! मला बरेच वाटले.

"गोष्ट तुमचीच ना?" मी विचारले.

"माझी. पण माझी धाकटी बहीण तिकडेच मेली. गोष्टीत ती माझ्याबरोबर बोटीतून उतरते."

मी हन्नाला म्हणालो, की अशा मरणांबद्दल खोटे लिहू नये. माझ्या कादंबरीत कोणाचाही जीव वाचत नाही. उत्तर रूथने दिले.

"मला मराठी वाचता येत नाही. हन्ना दर शनिवारी वाचते. तेवढा वेळ बहीण असते."

दुसऱ्या दिवशी हन्नाने गोष्ट वाचली. बोट धक्क्याला लागली तेव्हा रूथ पाटावर जरा बाजूला सरकली, कोणाला तरी जागा करून द्यावी तशी.

रविवारी परतलो. जाताना हन्नाच्या नावाचा हेवा वाटत होता. येताना वाटत होता तो तिला मिळालेल्या त्या ऐकणारीचा, आणि तो जास्त जड होता. माझ्या कादंबरीत एक अक्षर खोटे नाही. पण ती पुन्हा वाचा, असे मला अजून कोणी म्हटलेले नाही.