लाईट गेल्यावरची रमी

परतूरच्या स्टेशन रोडला दुर्गाबाईंची पिठाची गिरणी आहे. लाईट असली की गिरणी चालते आणि लाईट गेली की रमी चालते. रिकाम्या पोत्यावर पत्ते, पैशाच्या जागी चिंचोके. खेळणाऱ्या तिघी: स्वतः दुर्गाबाई, शेजारी ब्लाऊज शिवणारी दैवशाला आणि मागच्या गल्लीतली शकीला. पण थाट असा, की जणू कोर्टच भरलंय. एकीनं पिसायचं, दुसरीनं काटायचं, तिसरीनं वाटायचं. कोणाची बोटं पत्त्याखाली जरा जास्त रेंगाळली, की दुर्गाबाई अख्खा डाव मोडायच्या. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून म्हणायच्या, "खेळ चिंचोक्याचा असंल, बेइमानी चिंचोक्याची नसती."

मागच्या उन्हाळ्यात दैवशाला यायची बंद झाली. लाईट गेली की शिलाई मशीन सोडून ती दारातच मोबाईल घेऊन बसायला लागली. मोबाईलवर रमी, तीही पैशाची. दुर्गाबाईंना हे फार झोंबलं. पोरगी कष्टाची, एकटीच्या जिवावर संसार ओढणारी; तिच्या शिलाईचा पैसा असा जाऊ नये, ही एक काळजी. आणि तिच्याशिवाय गिरणीत करमत नव्हतं, ही दुसरी. खरं सांगायचं तर दुसरीच थोडी मोठी होती.

एका दुपारी त्या तिच्या खांद्यावरून डोकावल्या.

"पिसून कोण राह्यलं?"

"मशीन पिसती, मावशी."

"अन् काटतंय कोण?"

"काटत न्हाई कोणी."

"कोणीच न्हाई?" दुर्गाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, मंग तू खेळून तरी कशी राह्यली?"

एवढ्यावर थांबतील तर त्या दुर्गाबाई कसल्या! त्यांनी दैवशालाला त्या खेळाच्या कंपनीचा मदतीचा नंबरच लावायला लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात हिंदीतून सांगू लागली, की पत्ते कॉम्प्युटर पिसतो, त्याची तपासणी झालीय, सर्टिफिकेटसुद्धा आहे.

"सर्टिफिकेट का मैं क्या करूं?" दुर्गाबाई कडाडल्या. "पत्ते मेरे सामने काटो!"

मुलीनं तक्रार लिहून घेतली आणि "आपका दिन शुभ हो" म्हणत फोन ठेवला.

आणि योगायोग बघा, त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्टात, दिल्लीत कायदा झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ बंद! दैवशालाच्या मोबाईलवरची रमीही थंडावली. दुर्गाबाईंनी दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "म्याच तक्रार केल्ती." यावर जो हसला, त्याचं दळण त्या दिवशी मागं पडलं.

पुढं लाईट गेली तेव्हा दुर्गाबाईंनी मोठ्या ऐटीत पोतं अंथरलं. शकीला आली. दैवशाला मात्र दारातच बसून राहिली, आता तर हातात मोबाईलसुद्धा नव्हता. दुर्गाबाई तरातरा तिच्याकडं गेल्या, मागोमाग शकीला.

"आता तर बंद झालं न्हवं ते? मंग येत का न्हाईस?"

 दैवशाला एकदम म्हणाली, "मावशी, तिथं कोणी काटत न्हवतं, बराबर. पण इथं तरी कुठं इमानदारी हाय? तुम्ही शकीलाचाचीचे पत्ते चोरून बघता अन् तिला लागतो तोच टाकता. येत होते तवा किती दिवस बघितलं मी."

 खोटं नव्हतं ते. नवरा बदरोद्दीनभाई गेल्यापासून शकीला धड जेवत नव्हती, बोलत नव्हती. एकदा डाव लागला तेव्हा मात्र ती हसली होती. तेवढ्या हसण्यासाठी दुर्गाबाईंनी तिला हवा तो पत्ता टाकायला सुरुवात केली आणि पुढं ती सवयच झाली. त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. आता वाटलं, आणि लाजही वाटली. मागं उभ्या असलेल्या शकीलाकडं वळून बघायचा त्यांना धीर होईना.

"म्हणजे मी जिंकतच न्हवते?" शकीलानं विचारलं.

"अगं, तेवढंच तुझं मन रमंल म्हणून..."

"मन रमवायला मी काय लहान लेकरू हाय? चल, बैस. दैवशाला, तू बी ऊठ."

जागा बदलल्या. दुर्गाबाईंचा पत्ता थेट शकीलाकडं जाऊ नये म्हणून दैवशाला मधे बसली आणि शकीलानं पत्ते पदराआड धरले. पहिला डाव ती हरली, दुसराही हरली. तिसऱ्याला तिच्यापुढचे सगळे चिंचोके संपले तेव्हा दुर्गाबाईंचा जीव नुसता कासावीस झाला. तेवढ्यात लाईट आली. डबे घेऊन थांबलेली माणसं हाका मारायला लागली आणि दुर्गाबाई सुटल्यासारख्या उठल्या. शकीलानं त्यांचा हात धरून खाली बसवलं. तिचे गाल रागानं लाल झाले होते, डोळे चमकत होते. गेल्या वर्षभरात दुर्गाबाईंनी तिला असं पाहिलं नव्हतं.

"गिरणी राहू दे. पिस जल्दी. अन् आता जर माझ्यावर दया केलीस, तर मरेपर्यंत बोलणार न्हाई, बिलकुल न्हाई."

दुर्गाबाईंनी पत्ते पिसले आणि आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीला मन लावून पुन्हा हरवलं.